शाळा बंद झाली, मग शिक्षकांचा वारसा शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात सातवीत आहे आणि शाळेने ‘आपल्या परिसरातील कृष्णवर्णीय शिक्षकांचा वारसा’ असा प्रकल्प दिला आहे. इंटरनेटवर बुकर टी. वॉशिंग्टन आणि मेरी मॅक्लिऑड बेथ्यून या शाळा काढणाऱ्या दोन प्रसिद्ध कृष्णवर्णीय शिक्षकांच्या पुढे गाडी सरकत नाही. गावात कृष्णवर्णीयांचं एक हायस्कूल होतं, पण ते १९६९ मध्ये बंद झालं आणि आज त्या इमारतीत कम्युनिटी सेंटर आहे. शाळाच उरली नाही तर वारसा कसला दाखवायचा, आणि आपण बाहेरून आलेले मराठी लोक, आपण वयस्कर माणसांना जाऊन हे विचारावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी याच राज्यात सरकारी शाळेत बरीच वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर जुन्या कृष्णवर्णीय शाळांच्या माजी विद्यार्थी संघांबरोबर आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम करते. त्यावरून सांगते.

अडचण माहितीच्या तुटवड्याची नाही. आपण वारसा म्हणजे टिकून राहिलेल्या वस्तू असं धरून चालतो: इमारत, पुतळा, पाटी, एखाद्या रस्त्याला दिलेलं नाव. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकांच्या बाबतीत नेमक्या याच वस्तू काढून घेतल्या गेल्या. त्यांनी मागे ठेवलं ते माणसांमध्ये आणि लोकांनी मिळून उभ्या केलेल्या व्यवस्थांमध्ये. तिथे बघितलं तर तुमच्या गावातही भरपूर सापडेल. आणि या वारशाचा बराच भाग १९५४ नंतर, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यानंतर, जाणूनबुजून तोडला गेला. तो तोडला कसा, हेही प्रकल्पात यायला हवं. नाहीतर ‘पूर्वी थोर माणसं होती’ एवढंच हाती लागतं.

काय सापडेल हे बरंचसं तुमच्या काउंटीवर, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागावर, अवलंबून आहे. शहरातल्या मोठ्या हायस्कूलची कागदपत्रं बऱ्यापैकी राहिली आहेत, खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळांची फार कमी. उत्तरेकडे गोष्ट वेगळी. फिलाडेल्फियात गुलामगिरीत जन्मलेल्या फॅनी जॅक्सन कॉपिन १८६९ पासून १९०२ पर्यंत मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांची संस्था आज चेनी विद्यापीठ म्हणून चालू आहे. तिथे धागा सरळ पकडता येतो. दक्षिणेत तो मध्येच तुटतो. शिवाय तुम्ही कोणाला विचारता यावरही उत्तर ठरतं. शिक्षकाच्या मुलीला शाळा जशी आठवते, तशी ती शेतात राबायला लागल्यामुळे वर्षातले निम्मे दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाला आठवत नाही.

सुरुवात पैशापासून करा. मी नेहमी तिथूनच करते, कारण शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली हे कळलं की शिक्षकाचं स्थान आपोआप कळतं.

गुलामगिरीच्या काळात नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये कायदा करून गुलामांना वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. त्यामुळे यादवी युद्ध सुरू होताच लोकांनी आधी काय मागितलं असेल तर शाळा. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनजवळ मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई त्याआधीपासून चोरून शिकवत होत्या. १८६१ मध्ये त्यांनी पळून आलेल्या गुलामांना उघडपणे शिकवायला सुरुवात केली. सुरुवातीचे वर्ग एका ओकच्या झाडाखाली भरले असं सांगतात. ते झाड आज हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आहे. पीकबाई पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या.

पुढे सरकारी शाळा आल्या, पण पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे जायचा. १९१२ पासून रोझेनवाल्ड शाळांचं काम सुरू झालं. सीअर्स रोबक या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या विचारविनिमयातून ही योजना निघाली. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या १५ राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या सर्वाधिक, ८०० पेक्षा जास्त, तुमच्या नॉर्थ कॅरोलायनात होत्या. तुमच्या गावच्या हायस्कूलच्या आधी तिथे अशी एखादी शाळा असण्याची शक्यता चांगली आहे.

लोक याला रोझेनवाल्डचं दान म्हणतात, आणि मला ते अर्धवट वाटतं. त्यांच्या फंडाने सगळे मिळून सुमारे ४३ लाख डॉलर दिले. कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः वर्गणी काढून दिले सुमारे ४७ लाख. उरलेला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून आला, आणि त्या तिजोरीत हे लोकही कर भरतच होते. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. हे पैसे देणारी माणसं बहुतेक वाट्याने शेती करणारी, हातावर पोट असलेली. कोणी जमीन दिली, कोणी झाडं तोडून लाकूड दिलं, कोणी सुतारकाम केलं, बायकांनी जेवणं आणि केक विकून पैसे उभे केले. आपल्याकडे लोकवर्गणी आणि श्रमदानातून शाळा उभ्या राहिल्या त्याची आठवण मराठी माणसाला इथे झाल्याशिवाय राहत नाही.

तुमच्या मुलाला एक काम जरूर द्या. फिस्क विद्यापीठाने रोझेनवाल्ड फंडाच्या नोंदींची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत, राज्य आणि काउंटी निवडून शोधता येतात. एका कार्डावर एक शाळा. बहुतेकांवर फोटो, इमारत किती शिक्षकांसाठी, जमीन किती एकर, आणि खाली पैशाचे चार रकाने: कृष्णवर्णीयांनी किती दिले, गोऱ्यांनी किती, सरकारने किती, फंडाने किती. आठवड्याला मोजके डॉलर मिळवणाऱ्या माणसांच्या वस्तीसमोर काही शे डॉलरचा आकडा दिसतो, तेव्हा सातवीतल्या मुलालाही वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. फोटोत उंच खिडक्यांची रांग बघा. वीज नव्हती म्हणून पूर्व-पश्चिम उजेड घेण्यासाठी तशी रचना होती. वर्गांमधली भिंत बरेचदा सरकवता यायची, की संध्याकाळी तिथेच गावाची बैठक भरावी.

आता या वर्गणीसाठी दारोदार फिरत कोण होतं? शिक्षिका. व्हर्जिनियातल्या हेन्रायको काउंटीत व्हर्जिनिया रँडॉल्फ नावाच्या बाई होत्या, आईवडील पूर्वी गुलामगिरीत असलेले. त्यांच्या एका खोलीच्या शाळेचं काम बघून १९०८ मध्ये त्यांना साऱ्या काउंटीतल्या कृष्णवर्णीय शाळांवर फिरतं काम देण्यात आलं. पैसा ॲना जीन्स या फिलाडेल्फियाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बाईंनी ठेवलेल्या दहा लाख डॉलरच्या निधीतून. पुढे दक्षिणेत सगळीकडे अशा ‘जीन्स शिक्षिका’ नेमल्या गेल्या. नाव शिक्षिका, पण काम शिक्षणाधिकाऱ्याचं, आरोग्यसेविकेचं आणि वर्गणी गोळा करणाऱ्याचं. नव्या शिक्षकाला धडा कसा घ्यायचा ते दाखवायचं, विहिरीचं पाणी बरं आहे का बघायचं, पालकांची सभा घ्यायची, काउंटीच्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन जास्तीचा महिना शाळा चालवायला पैसे मागायचे. तुमच्या काउंटीतली जीन्स शिक्षिका कोण होती हे शोधा. स्कूल बोर्डाच्या जुन्या इतिवृत्तांत तिचं नाव बहुधा सापडेल. माझ्या मते प्रकल्पाचा नायक तिथेच आहे, बुकर टी. वॉशिंग्टनच्या पुतळ्यात नाही.

बेथ्यूनबाईंना मात्र वगळू नका, कारण त्यांची कहाणी याच पद्धतीची आहे. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनात दीड डॉलर हाताशी आणि पाच मुली घेऊन सुरुवात. खोक्यांची बाकं, एल्डरबेरीच्या रसाची शाई, रताळ्याचा ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ विकून जमवलेला पैसा. आज ते बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या पुतळ्यांच्या दालनात फ्लोरिडाच्या वतीने त्यांचा पुतळा बसला. तिथे कोणत्याही राज्याने पाठवलेला कृष्णवर्णीय व्यक्तीचा तो पहिला पुतळा. हे सगळं मुलाला सहज सापडेल, म्हणून मी जास्त सांगत नाही.

वारसा माणसांमध्ये शोधायचा म्हणजे काय, ते दोन साखळ्यांवरून सांगते.

पहिली साखळी वॉशिंग्टन शहरातली. १८७० मध्ये एका चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांचं हायस्कूल सुरू झालं. पुढे ते एम स्ट्रीट हायस्कूल झालं आणि १९१६ पासून डनबार. ॲना ज्युलिया कूपर तिथे शिकवायच्या, काही वर्षं मुख्याध्यापिका होत्या. लॅटिन-गणित शिकवून मुलांना उत्तम कॉलेजांसाठी तयार करण्याचा त्यांचा हट्ट स्कूल बोर्डाला रुचला नाही आणि त्यांना पद सोडावं लागलं. नंतर त्या पुन्हा शिकवायला आल्या, आणि १९२५ मध्ये वयाच्या साठीनंतर त्यांनी पॅरिसला सोरबाँमधून डॉक्टरेट मिळवली. याच शाळेतून १९११ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन बाहेर पडले, ॲमहर्स्ट आणि हार्वर्डला शिकले, आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची सूत्रं त्यांनी हातात घेतली. त्यांच्या हाताखाली १९३३ मध्ये वकील होऊन निघाले थर्गूड मार्शल, ज्यांच्या आई बाल्टिमोरमध्ये शाळेत शिकवायच्या. मार्शलनी लढवलेल्या सुरुवातीच्या खटल्यांमध्ये एक होता व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या शिक्षकांचा. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार का, हा प्रश्न. आधी पुढे आलेल्या अलाइन ब्लॅक या शिक्षिकेची नेमणूकच काढून घेतली गेली. मग मेल्विन ऑल्स्टन हे शिक्षक उभे राहिले आणि १९४० मध्ये अपील न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. अशा खटल्यांवर हात बसलेल्या वकिलांनीच १९५४ मध्ये ब्राउन खटला जिंकून शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला. म्हणजे त्या निकालामागे कूपर आणि ह्यूस्टन यांच्यासारखे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या उभे होते.

दुसरी साखळी मला अधिक जवळची वाटते, कारण ती शाळेच्या बाहेर जाते. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या सेप्टिमा पॉइनसेट क्लार्क. १९१६ मध्ये नोकरी धरली ती जॉन्स आयलंड या बेटावरच्या शाळेत, कारण चार्ल्सटन शहराच्या सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय शिक्षकांना घेतच नसत. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतही नाही! त्यांनी एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेबरोबर दारोदार सह्या गोळा केल्या आणि ती बंदी उठवायला लावली. पुढची तीसेक वर्षं त्या शिकवत राहिल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः शिकत राहिल्या, बी.ए., एम.ए. झाल्या.

इथे थोडं थांबते. उन्हाळ्यात शिकणं ही त्या काळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकांची रीतच होती. स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठात प्रवेश नाही, म्हणून राज्य सरकारं त्यांना भाडं-फी देऊन उत्तरेकडे पाठवत. कितीतरी जण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात जायचे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबियात शिकले तेच हे विद्यापीठ. वेगळं ठेवण्यासाठी केलेल्या खर्चातून असे शिक्षक तयार झाले की काही जिल्ह्यांत त्यांची पात्रता शेजारच्या गोऱ्या शिक्षकांपेक्षा सरस होती. गावातल्या जुन्या शिक्षकाच्या नावापुढे कोलंबियाची पदवी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तर क्लार्कबाई. १९५६ मध्ये साउथ कॅरोलायनाने कायदा केला की एनएएसीपीच्या सदस्याला सरकारी नोकरी नाही. त्यांनी सदस्यत्व लपवायला नकार दिला. सातशेहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं लिहून विरोध करायला बोलावलं. उत्तरं आली २६. त्यांची नोकरी गेली, पेन्शन गेलं. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. शिक्षकांचा वारसा सांगताना सगळे शूर होते असं लिहू नका. बहुतेकांच्या पगारावर अख्खं घर चालायचं, आणि भीती खरी होती. फ्लोरिडात हॅरी आणि हॅरिएट मूर या शिक्षक जोडप्याची आधी १९४६ मध्ये नोकरी गेली, आणि १९५१ च्या नाताळच्या रात्री त्यांच्या घराखाली बॉम्ब ठेवून दोघांचा जीव घेतला गेला. गप्प राहिलेल्या शिक्षकांनाही हे माहीत होतं.

नोकरी गेल्यावर क्लार्कबाई टेनेसीतल्या हायलँडर या प्रौढशिक्षण केंद्रात काम करू लागल्या. जॉन्स आयलंडवर त्यांचे जुने ओळखीचे एसाव जेन्किन्स बस चालवायचे, बेटावरच्या लोकांना कामासाठी चार्ल्सटनला नेत-आणत. बसमध्ये ॲलिस वाइन नावाच्या बाईंनी सांगितलं की मला वाचता येत नाही, पण मतदार व्हायचंय. मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागायचा. त्यातून जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. दर्शनी भागात सहकारी दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिकवायला क्लार्कबाईंनी मुद्दाम पदवीधर शिक्षक घेतला नाही. आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना घेतलं, ज्या केशभूषा करायच्या. त्यांची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय, म्हणजे गोरा मालक कामावरून काढेल ही भीती नाही, आणि प्रौढ माणसांशी वरच्या पट्टीत बोलण्याची सवय नाही.

पहिल्या वर्गात १४ जण. शेतीची कामं कमी असलेल्या हिवाळ्याच्या दिवसांत, रात्री. रॉबिन्सनबाईंनी आधी विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. कोणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म, कोणाला कॅटलॉगमधून सामान मागवण्याचा कागद भरायचा होता. पुठ्ठ्यावर नाव लिहून दिलं जाई आणि माणूस त्यावरून पेन्सिल फिरवत राही, हाताला वळण बसेपर्यंत. मग राज्यघटनेतले शब्द. हीच पद्धत १९६१ नंतर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतली आणि दक्षिणभर नेली. जून १९६३ मध्ये मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर यांना विनोना गावात अटक करून अमानुष मारहाण झाली, तेव्हा त्या चार्ल्सटनहून अशाच प्रशिक्षणावरून परतत होत्या. क्लार्कबाई १९७५ मध्ये चार्ल्सटन काउंटीच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचं पेन्शन परत मिळालं.

यात कुठेही शाळेच्या इमारतीची गरज पडली नाही, हे लक्षात घ्या. एक शिक्षिका, तिने तयार केलेली केशभूषाकार शिक्षिका, तिने शिकवलेली १४ माणसं, आणि त्यांची मतदार यादीतली नावं. तुमच्या गावातही अशीच साखळी शोधायची आहे, लहान असली तरी चालेल.

आता तोडण्याचा भाग. १९५४ चा निकाल योग्यच होता, आणि त्या शिक्षकांनी स्वतः त्यासाठी पैसे आणि धोका दोन्ही दिले. पण अंमलबजावणी करणारे हात गोऱ्या स्कूल बोर्डांचे होते. शाळा एकत्र करताना जवळजवळ सगळीकडे बंद झाली ती कृष्णवर्णीयांची शाळा, आणि घरी बसवलं गेलं ते कृष्णवर्णीय शिक्षकांना. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या असा अंदाज दिला जातो. कॅन्ससमधलं टोपेका, जिथला ब्राउन खटला, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने तर निकालाच्या वर्षभर आधी, मार्च १९५३ मध्येच कृष्णवर्णीय शिक्षिकांना पत्रं धाडली. मजकुराचा आशय असा, की निकाल काय लागेल माहीत नाही, पण बहुसंख्य लोकांना आपल्या गोऱ्या मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षक नको असतील, म्हणून पुढच्या वर्षाची नेमणूक देता येत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात १९६३ च्या सुमारास दोनशेहून अधिक हायस्कूलना कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होते. १९७० पर्यंत त्यातले दहासुद्धा उरले नाहीत. ज्यांना लोक आदराने ‘प्रोफेसर’ म्हणायचे, ज्यांच्या सल्ल्याशिवाय गावात लग्न की कॉलेज ठरायचं नाही, ते एकदम कुठल्यातरी कचेरीत साहाय्यक झाले. शाळेचं नाव गेलं, खेळाच्या संघांचं नाव, रंग गेले. करंडक, फोटो, वार्षिकांक बऱ्याच ठिकाणी कचऱ्यात गेले. तुमच्या गावात १९६९ मध्ये काय झालं त्याचा संदर्भ हा आहे. याच राज्यात हाइड काउंटीत लोकांना हे आधीच दिसलं आणि त्यांनी १९६८-६९ चं अख्खं वर्ष मुलांना शाळेत पाठवलं नाही, दोनदा राज्याच्या राजधानीपर्यंत, रालेपर्यंत मोर्चा नेला आणि आपल्या दोन्ही शाळा वाचवल्या. वर्णभेद त्यांना हवा होता असं मुळीच नव्हतं. आपण उभं केलेलं आपल्या हातून काढून घेऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ही दरी अजून भरलेली नाही. देशभरात सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय साधारण १५ टक्के आहेत, शिक्षकांत सहा-सात टक्के. नॉर्थ कॅरोलायनाच्याच विद्यार्थ्यांच्या नोंदींवर २०१७ मध्ये एक अभ्यास पुढे आला. तिसरी ते पाचवीत एकतरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेल्या गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. त्या ३८,००० जणांबरोबर काय गेलं याचा अंदाज मला या आकड्यावरून येतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पैसा कोणी उभा केला ते बघा, शिक्षकाने कोणाला शिक्षक किंवा कार्यकर्ता बनवलं ते बघा, आणि एकत्रीकरणानंतर त्या शिक्षकाचं काय झालं ते बघा. तीनही उत्तरं मिळाली तर प्रकल्प पूर्ण आहे.

शोधायचं कुठे? माझा अनुभव असा की सरकारी कागदांपेक्षा चर्च जास्त देतं. चर्चच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिका, आणि अंत्यविधीच्या वेळी वाटलेल्या पत्रिका. कृष्णवर्णीय समाजात या पत्रिकेत माणसाचं अख्खं चरित्र असतं: कुठे जन्मली, कोणत्या शाळेत शिकली, किती वर्षं शिकवलं, रविवारच्या शाळेत काय करायची. घराघरांत त्या जपून ठेवलेल्या असतात. शहरांच्या जुन्या निर्देशिकांमध्ये कृष्णवर्णीयांच्या नावापुढे वेगळी खूण असायची आणि व्यवसायही लिहिलेला असायचा, त्यावरून शिक्षक कोणत्या गल्लीत राहायचे ते कळतं. माजी विद्यार्थी संघ असेलच. दर उन्हाळ्यात या बंद शाळांचे मेळावे भरतात, नातवंडांसह लोक लांबून येतात.

प्रश्न कसे विचारायचे यावर सगळं अवलंबून असतं. ‘तुमचे आवडते शिक्षक कोण?’ विचारलं की कौतुकाची दोन वाक्यं मिळतात. ‘तुमच्या घरी कोणते शिक्षक यायचे, आणि कशासाठी?’ असं विचारा. एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांना मी हे विचारलं, तर ते सांगू लागले की गणिताच्या बाई रविवारी त्यांच्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायच्या, आणि आठवड्यात काही चुकलं असेल तर ते आईला तिथेच कळायचं. त्याच बाईंनी कॉलेजचा फॉर्म त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरून घेतला आणि अर्जाची फी स्वतः दिली. पुढे त्यांच्या दोन बहिणी शिक्षिका झाल्या. एका प्रश्नातून अख्खी साखळी मिळाली. ‘शाळा बंद झाली त्या वर्षी त्या बाईंना कुठे पाठवलं?’ हा प्रश्न शेवटी विचारा, आणि उत्तराआधी माणूस गप्प झाला तर घाई करू नका.

लोक अभिमानाने ‘आमची शाळा फार चांगली होती’ म्हणतील. ते खरं आहे. गोऱ्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं, फुटकी बाकं, एका वर्गात साठ मुलं हेही खरं आहे. मुलाला दोन्ही लिहू द्या.

आपण बाहेरचे असून विचारावं का, याला माझं उत्तर हो. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. ओळख सांगताना एवढं मुलाला सांगता येईल. पण ‘आमच्याकडे पण असंच होतं’ म्हणून बोलणं स्वतःकडे वळवू नका, आणि सावित्रीबाईंशी तुलना प्रकल्पाचा मुख्य मुद्दा करू नका. तिथे गेल्यावर ऐकायचं. मोठ्यांना मिस्टर, मिसेस लावूनच बोलायला मुलाला आधी सांगा. वर्णभेदाच्या काळात गोरी पोरंसोरंसुद्धा या माणसांना पहिल्या नावाने हाक मारायची, आणि शिक्षक मंडळी आपल्या शाळेत मिस्टर-मिसेसचा आग्रह त्याचसाठी धरायची.

शेवटी व्यवहाराचं. ध्वनिमुद्रणाआधी लेखी परवानगी घ्या आणि ते शाळेच्या प्रकल्पाबाहेर कुठे वापरणार असाल तर तसं स्पष्ट सांगा. मूळ फोटो किंवा पत्रिका घरी आणू नका. फोन किंवा स्कॅनर घेऊन त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर प्रत काढा, आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण ती नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. काम झालं की एक प्रत त्या कुटुंबाला, एक माजी विद्यार्थी संघाला आणि एक काउंटीच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला द्या. कार्डं शोधताना किंवा प्रश्न तयार करताना अडलात तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.